सामान आमचे, मजुरी तुमची

धान्य आपले आणि दळण गिरणीवाल्याचे, कापड आपले आणि शिलाई शिंप्याची, सोने आपले आणि घडणावळ सोनाराची, ही आपल्या मध्यमवर्गीय संसाराची जुनी रीत. तयार वस्तू विकत घेणाऱ्यास माझ्या आजीच्या पिढीत उधळ्या समजत. लागणारा माल आपण पारखून न्यावयाचा आणि कारागिराला फक्त त्याच्या हाताचे मोल द्यावयाचे, यात काटकसर तर होतीच; पण आपल्याला कोणी फसविले नाही, हे समाधान त्याहून मोठे होते. सोनारापुढे ठाण मांडून बसण्याची पद्धत याच समाधानापोटी पडली असावी.

या व्यवहारांत एक सोय असते. कापडाचा रंग गेला तर दोष कापडाचा, म्हणजे आपला. बाही आखूड झाली तर दोष शिंप्याचा. पिठात कचकच लागली तर धान्य नीट निवडले नव्हते. पीठ जाडे आले तर गिरणीवाल्याचे चुकले. दोषाची हद्द शेताच्या बांधासारखी स्पष्ट दिसते. हीच रीत मोटारीच्या दुरुस्तीस लावली म्हणजे काय होते, हे आमच्या शेजारच्या अण्णांमुळे मला जवळून पाहावयास मिळाले.

अण्णांची सारी नोकरी हिशेबखात्यात गेली. त्यांच्याजवळ पुष्कळ वर्षे एक पद्मिनी होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ही मोटार १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले आणि २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या टॅक्सींतूनही तिने निरोप घेतला. कारखान्यानेच जिला सोडून दिले, अशा गाडीचे सुटे भाग धुंडाळणे हे शेवटी मालकाचेच व्रत होऊन बसते. अण्णा पुण्याच्या नाना पेठेतील दुकाने एकामागून एक पालथी घालीत आणि हवा तो भाग कागदात गुंडाळून विजयी मुद्रेने परत येत. त्यांचा मिस्त्रीही खूष असे. कारण त्याचीच पायपीट वाचे. त्या काळात या दोघांत कधी शब्दाने शब्द वाढल्याचे मला स्मरत नाही.

पुढे पद्मिनी गेली, नवी गाडी आली. सवय मात्र राहिली. नव्या गाडीचे भाग मिस्त्रीला हवे तेव्हा मिळत होते. तरी त्याच्या बिलातील किंमत आणि दुकानातील किंमत यांतील अंतर अण्णांच्या हिशेबी डोळ्यांत खुपू लागले. क्लच बदलण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग स्वतः आणून दिले. मिस्त्रीने ते मुकाट्याने बसविले. दीड महिन्यात गाडी जागची हलताना थरथरू लागली.

आता दोष कोणाचा? मिस्त्री म्हणे, “अण्णा, सामान तुमचं, जबाबदारी तुमची.” अण्णा म्हणत, “बसवलंस तू, जबाबदारी तुझी.” क्लच पाहावयाचा म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, जवळजवळ दिवसभराचे काम. प्लेट सदोष निघाली तर दुकानदार फार तर दुसरी प्लेट देईल. दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरविण्याची मजुरी त्याच्याकडून कोण वसूल करणार? वीस वर्षांचा घरोबा तुटण्याच्या बेतास आला. अण्णा त्या गॅरेजवरून जाणारा रस्ताही टाळू लागले. अखेर दोघांनीही मला मध्यस्थ नेमले आणि दोघांच्या देखत गिअरबॉक्स उतरविण्यात आला.

प्लेट अस्सल होती. ती बसविलीही नीट होती. परंतु तिच्यावर तेल आले होते. इंजिनाच्या मागील बाजूचे ऑइल सील झिजून पाझरू लागले होते. वस्तू काही शे रुपयांची. पण तिथवर हात पोहोचावयाचा तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. म्हणून जाणता मिस्त्री क्लचचे काम करताना ते सील पाहून घेतो आणि शंका आली तर त्याच खेपेस बदलतो. मी त्याला विचारले, “मग पहिल्या वेळी का नाही पाहिलंस?” तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “माझं सामान असतं तर मीच सील घेऊन आलो असतो. अण्णांनी जे आणलं ते बसवायचं, असं डोक्यात धरलं.”

या उत्तराने मी विचारात पडलो. मिस्त्रीने कामात कसूर केली, यात शंका नाही. पण त्याच्या बिलात सुट्या भागावर जी जादा रक्कम असते, तिच्याबद्दल आपल्याला काय मिळत होते, याचाही उलगडा त्यात झाला. यादीत नसलेल्या वस्तूचा विचार करणे, हे काम त्या रकमेत बसत होते. जुन्या डॉक्टरांच्या औषधाच्या बाटल्या आठवा. डोसाच्या खुणेसाठी त्यांवर कातरलेली कागदाची पट्टी चिकटविलेली असे. आपण पैसे देत होतो ते बाटलीचे. सल्ला जणू फुकट होता. बाटलीतील रंगीत पाण्याची ती किंमत नव्हे, हे दोघांनाही ठाऊक असे. वस्तूचे पैसे देताना आपला हात सहज सुटतो, अकलेचे देताना आखडतो. मजुरीत आपण घासाघीस करतो. म्हणून कारागीर आपली मजुरी वस्तूच्या किमतीत लपवितो, आणि ती सापडली की आपण त्याला चोर म्हणतो.

याचा अर्थ ग्राहकाने डोळे मिटून बिल द्यावे, असा मुळीच नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणी मिळू दिली नाही, हा त्यांच्यावरील ठपका होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. तथापि सुट्या भागांच्या किमतीविषयी संशय बाळगणारे अण्णा काही एकटे नव्हेत, एवढे त्यावरून खास दिसते. स्वतः भाग आणण्याचा हक्क ग्राहकापाशी असलाच पाहिजे. फक्त त्याबरोबर दोन गोष्टी कराव्यात. “हे आणतो, आणखी काय पाहावं लागेल?” असे कारागिराला आधी विचारावे, आणि त्या उत्तराचे मोल मजुरीत उघडपणे धरावे.

आमच्या निवाड्यात सीलचे आणि नव्या प्लेटचे पैसे अण्णांनी दिले, मिस्त्रीने निम्मी मजुरी सोडली. अण्णा अजूनही नाना पेठेत जातात. मात्र निघण्यापूर्वी गॅरेजात जाऊन यादी मिस्त्रीकडून लिहून घेतात. त्या यादीबद्दल बिलात आता एक वेगळी ओळ असते. अण्णा ती दोनदा वाचतात, आणि पैसे देतात.