जनरेटर किती केव्हीएचा? आईला विचारा!

नवा मोबाईल घेताना आपल्याला रॅमपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळं तोंडपाठ असतं. पण जनरेटर? तो सोसायटीच्या कोपऱ्यात कुठेतरी घरघरत असतो, लिफ्ट चालली म्हणजे झालं! मुंबईत राहून याच्यापलीकडे विचार करायची वेळच येत नाही. पण माझे आई-बाबा असतात श्रीवर्धनला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले आणि लाइट यायला तास नाही, दिवसच्या दिवस लागले. फॅन नसला तर माणूस पडवीत झोपतो हो. पण पंपाशिवाय विहिरीचं पाणी टाकीत चढत नाही, आणि आईच्या इन्सुलिनचा साठा असतो फ्रीजमध्ये.

म्हणून यंदा पावसाळ्याआधी जनरेटर घ्यायचं ठरलं. कॉन्फरन्स कॉलवर बंगळुरूहून दादाने फर्मान काढलं, ''सरळ साडेसात केव्हीए घे, टेन्शनच नको!'' बाबांचं भलतंच, ''कशाला ते धूड? आम्ही कंदिलावर वाढलो.'' मी म्हटलं, ''आई, चार दिवस लाइट नाही असं समज. तुला काय काय लागेल?'' ती शांतपणे म्हणाली, ''पंप, फ्रीज, दोन पंखे, पाच दिवे. आणि तुम्हा दोघांशी बोलायला मोबाईल.''

दादाच्या लिस्टमध्ये होते एसी आणि गीझर. दीड टनाचा एसी साधारण दीड हजार वॉट, गीझर दोन हजार. म्हणजे साडेतीन हजार वॉट कोणासाठी? मे महिन्यात आठ दिवस येणाऱ्या आपल्यासाठी!

आता आईच्या लिस्टचं गणित. पंखे ७५ वॉटचे दोन, एलईडी ९ वॉटचे पाच, मोबाईल-बिबाईल धरून अडीचशे. फ्रीज दीडशे. अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप चालताना साधारण साडेपाचशे खातो, पण खरी गोम इथेच आहे. मोटर सुरू होताना क्षणभर तिप्पट, कधी त्याहूनही जास्त ओढते. म्हणजे सोळाशे-सतराशे. सगळं मिळून दोन हजारांच्या आसपास. केव्हीए म्हणजे थेट किलोवॉट नव्हे, ०.८ ने गुणायचं. तीन केव्हीएचे झाले २४०० वॉट. आधी पंप, मग फ्रीज, मग बाकीचं, एवढा क्रम पाळला की आरामात भागतं.

मोठा घेतला तर काय बिघडलं? पेट्रोल जास्त पितो. वादळानंतर रस्त्यात झाडं पडलेली असतात, तेव्हा पेट्रोल आणणार कुठून? छोटा मात्र सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास चालवला, मधे फ्रीजचं दार उघडलं नाही, तर घर चालतं.

दुकानदाराने एक 'सोपा फंडा' सांगितला. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर घ्यायची आणि जनरेटरचा करंट भिंतीच्या सॉकेटमध्ये सोडायचा. मेन स्विच चालू राहिला तर तो करंट उलटा लाइनवर जातो, ट्रान्सफॉर्मरमधून हजारो व्होल्टचा होतो. आणि खांबावर चढलेला असतो गावातलाच वायरमन, आपलाच लाइट जोडायला! तिथेच चेंजओव्हर स्विचचे पैसे मोजले. आणि जनरेटर राहणार घराबाहेर, खिडक्यांपासून लांब. पाऊस लागतो म्हणून पडवीत आणायचा नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता जीव घेतो. पावसासाठी वाडीत चारही बाजूंनी उघडी शेड बांधून घेतली.

शेवटचा प्रश्न कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतो: तो सुरू कोण करणार? बाबांचा खांदा दुखरा, दोरी ओढणं अशक्य. म्हणून सेल्फ-स्टार्ट. ''कंदिलावर वाढलेल्या'' बाबांनी परवा स्वतः किल्ली फिरवली, पंप लावला आणि फोन करून ऐटीत सांगितलं, ''टाकी भरली.''

तेव्हा गावाकडच्या घरासाठी जनरेटर बघत असाल, तर केव्हीए नंतर. आधी तिथे राहणाऱ्यांची लिस्ट ऐका!