एक किलोग्रॅम-मीटर

गाडी सिग्नलला थांबली की बॉनेटखालून जळक्या ऑइलचा वास यायचा. टॅपेट कव्हरचं रबरी पॅकिंग वयाने कडक झालं होतं आणि काठावरून झिरपलेलं ऑइल तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडत होतं. एका प्लगच्या विहिरीतही ऑइल साचलं होतं. आधीच्या एका गॅरेजने त्यावर उपाय म्हणून सगळे बोल्ट आणखी आवळून दिले. गळती वाढली, आणि एका बोल्टचे आटे गेले. तो नुसताच फिरत राहायचा.

मला याचा मनापासून राग येतो. हे कव्हर सिलिंडरमधल्या स्फोटाचा दाब पेलत नाही. आत उडणारं ऑइल आत ठेवायचं आणि धूळ बाहेर, एवढंच त्याचं काम. बोल्टने रबर ठरावीक दाबायचं असतं. त्यापुढे जोर लावला की रबर खोबणीतून सरकतं. कव्हर पत्र्याचं असेल तर बोल्टापाशी खचतं, दोन बोल्टांमध्ये उचललं जातं आणि ऑइलला तिथूनच वाट मिळते. खाली हेड अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी. आटे जायचे ते हेडचेच.

आमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा 9.8 न्यूटन-मीटर, म्हणजे 1 किलोग्रॅम-मीटर. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला एक किलोचं वजन टांगलं तर जेवढा पीळ पडेल तेवढाच. 15 सेंटिमीटरच्या पान्यावर त्याला साडेसहा किलोंच्या आसपास जोर पुरतो. धडधाकट माणूस त्याच्या तिप्पट जोर सहज लावून जातो आणि त्याला ते कळतही नाही.

घरचा अर्ध्या इंची टॉर्क रेंच चाकांच्या नटांसाठीचा, 40 न्यूटन-मीटरपासून सुरू होणारा, इथे निरुपयोगी. भोसरीला कारखान्यात क्वालिटीत असलेल्या मित्राकडून पाव इंची, डायलचा रेंच मागून घेतला आणि आमच्या नेहमीच्या मामांकडे गाडी नेली. मामांनी गेलेले आटे ड्रिल करून, नवा टॅप मारून हेलिकॉइल बसवलं. जुनं पॅकिंग खोबणीतून खरवडलं. बोल्टांच्या भोकांत साचलेलं ऑइल कापडाच्या सुरळीने टिपून घेतलं, कारण ओल्या आट्यांवर तोच आकडा बोल्टला जास्त ताणतो. पिळातला मोठा वाटा घर्षणातच खर्ची पडतो. आटे बुळबुळीत झाले की हिशोबच बदलतो. कॅमशाफ्टच्या टोकांना जिथे अर्धगोल कोपरे येतात, तिथे सिलिकॉनचा एकेक ठिपका दिला.

आवळायची वेळ आली तसे मामा म्हणाले, "दादा, हाताला कळतं हो."

मामांच्या हातावर माझा विश्वास आहे. तरीही म्हटलं, "मामा, आवळा तुम्हीच. फक्त हा पाना घ्या, डायल माझ्याकडे राहू दे."

मधले बोल्ट आधी, मग समोरासमोर करत बाहेरच्या बाजूला. पहिली फेरी हलकी, पाचच्या आसपास. दुसऱ्या फेरीत मामांनी अंदाजाने थांबायचं होतं. पुढच्या रांगेत काटा दहाच्या इतका जवळ थांबत गेला की मी थक्क झालो. मग फायरवॉलकडचा बोल्ट आला. तिथे एक्स्टेन्शन लावावं लागतं, कोपर वायपरच्या पत्र्याला अडतं, मनगट नीट फिरत नाही आणि जोर खांद्यातून येतो. मामा थांबले तेव्हा काटा चौदाच्या पुढे होता.

मी डायल त्यांच्याकडे वळवली. त्यांनी चष्मा खाली ओढून पाहिलं, काही न बोलता सगळे बोल्ट उलट्या क्रमाने सैल केले आणि पुन्हा पहिल्यापासून, या वेळी काटा बघत, आवळले. हेलिकॉइलवाल्या बोल्टापाशी ते जास्त वेळ थांबले. तोही 9.8 ला गच्च बसला.

मला वाटतं, हाताचं शहाणपण खरंच असतं, पण ते अंग मोकळं असेल तोवरच. अडचणीच्या जागी, घाईत किंवा दिवसाच्या शेवटच्या गाडीवर तोच हात वेगळं सांगतो. म्हणून लहान टॉर्क रेंच प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर हवाच.

थोडे दिवस गाडी चालवून प्लगच्या विहिरी पाहिल्या; कोरड्या होत्या. मागच्या काठावरून बोट फिरवलं, तेही कोरडं. मामांच्या पोऱ्याने दहाची गोटी उचलली, "जरा टाइट करून देऊ का?" मामांनीच त्याला अडवलं. नवं रबर थोडं बसतं, बोल्ट हाताला किंचित हलका लागतो. गळत नसेल तर त्याला हात लावायचा नाही.