वीरगळ, तिरका उजेड आणि रेडिओ ट्रिगर

आपल्या गोव्यात जुन्या देवळाच्या आवारात, वडापिंपळाच्या बुंध्याशी किंवा शेताच्या बांधावर कोरीव दगड उभे असतात. गावात कुणी त्यांना राखणदार म्हणतो, कुणी नुसताच 'देव'. त्यांतले बरेचसे वीरगळ असतात. लढाईत पडलेल्या माणसाची ही स्मारके. साधारणपणे खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. आपल्याकडच्या कदंबकालीन काही वीरगळांवर तर जहाजांतली लढाईसुद्धा कोरलेली आहे. समुद्रावर राज्य करणाऱ्यांचे वीर समुद्रावरच पडणार ना!

या दगडांचा फोटो काढायला गेलात की मात्र निराशा होते. शेकडो पावसाळे खाल्लेला दगड, वरून तेलाची पुटे. डोळ्यांना निदान काहीतरी कळते, फोटोत नुसता काळा धोंडा येतो. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश मारला तर आणखीनच वाईट. समोरून आलेला उजेड सगळ्या सावल्या पुसून टाकतो, आणि कोरीव कामात वाचायच्या असतात त्या सावल्याच.

मी इतिहास घेऊन बी. ए. झालो आणि सरकारी कचेरीत फाइलींना नंबर देत बसलो. रविवारी मात्र या दगडांच्या मागे हिंडतो. हौस म्हणा, पण तिला थोडी घाईही आहे. देवळांचे जीर्णोद्धार होतात, आवारात फरशा बसतात. अशा वेळी नाव-गाव नसलेला दगड कोपऱ्यात ढकलला जातो, कधी भिंतीत चिणला जातो, कधी भक्तिभावाने ऑइलपेंटने रंगवला जातो. यात कुणाचा दुष्टावा नसतो. दगडावर काय आहे तेच कुणाला दिसलेले नसते. म्हणून आज काढलेला फोटो हीच त्या दगडाची शेवटची नोंद ठरू शकते. ट्रिगर कोणता घ्यावा हा प्रश्न माझ्यासाठी इथून सुरू होतो.

उपाय तसा सोपा आहे. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढायचा आणि दगडाच्या एका बाजूला, जवळजवळ त्याच्या पृष्ठभागाला घासून जाईल असा धरायचा. हिशेब करून पाहा. दगडावरचा उठाव 3 मिलिमीटरचा असेल आणि उजेड 45 अंशांतून आला तर सावली पडते 3 मिलिमीटरची. तोच उजेड 15 अंशांवर आणला की सावली होते 11 मिलिमीटरची. झिजून गेलेली तलवार एकदम हातात दिसायला लागते!

आता तुम्ही म्हणाल, मग कॅमेरा आणि फ्लॅश वायरने जोडला की झाले, हे बिनतारी खूळ कशाला? मीही आधी वायरचाच विचार केला होता. अडचण अंतराची आहे. समजा दगड 60 सेंटिमीटर रुंद आहे आणि फ्लॅश त्याच्या अलीकडच्या कडेपासून 60 सेंटिमीटरवर ठेवला. पलीकडची कड दुप्पट अंतरावर, म्हणून तिथे उजेड पोचतो फक्त एक चतुर्थांश. अर्धा दगड पांढरा, अर्धा काळोखात. तोच फ्लॅश 2.4 मीटर लांब नेला तर पलीकडच्या कडेला जवळपास 64 टक्के उजेड मिळतो. म्हणजे फ्लॅश लांब हवा, आणि एवढ्या लांब नेहमीची गुंडाळीची वायर पोचत नाही. पोचलीच तर स्टँडला पाडते.

बिनतारी प्रकार मुख्यतः तीन. पहिला ऑप्टिकल स्लेव्ह. एक फ्लॅश उडाला की त्याचा उजेड पाहून दुसरा उडतो. स्वस्त आणि मस्त, पण भर उन्हात आंधळा. शिवाय जत्रेत किंवा लग्नात शेजारच्याच्या फ्लॅशलाही तो इमानदारीने उत्तर देतो. दुसरा इन्फ्रारेड. कॅननसारख्या कंपन्यांनी तो पूर्वी बराच वापरला. दिवाणखान्यात ठीक चालतो, पण उघड्यावर दोघांनी एकमेकांना दिसत राहावे लागते. आमचा फ्लॅश बरेचदा तुळशीवृंदावनाच्या किंवा खांबाच्या आड उभा. तिथे हा संवाद तुटतो.

तिसरा रेडिओ. त्याला नजरानजर लागत नाही. पूर्वी 'पॉकेटविझार्ड'चे नाव व्यावसायिक लोक आदराने घेत आणि किंमत ऐकून आमच्यासारखे गप्प बसत. नंतर योंगन्यूओ, गोडॉक्स वगैरे चिनी कंपन्यांनी 2.4 गिगाहर्ट्झवरचे ट्रिगर आमच्या खिशाला परवडतील असे केले. मोठ्या कंपन्याही मग रेडिओकडे वळल्या. कॅननने 2012 साली 600 ईएक्स-आरटीमध्ये आणि निकॉनने 2016 साली एसबी-5000 मध्ये रेडिओ थेट फ्लॅशच्या पोटातच बसवला. वीरगळासाठी रेडिओच घ्यावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

दुकानदार पुढे विचारतो, टीटीएल हवे का? टीटीएल म्हणजे किती उजेड टाकायचा ते कॅमेऱ्याने स्वतः मोजून ठरवायचे. शिगम्याच्या रोमटामेळात, जिथे माणसे दर क्षणी पुढे-मागे होतात, तिथे ते कामाचे आहे. वीरगळ मात्र आठशे वर्षे जागचा हललेला नाही. एकदा हाताने उजेड ठरवला की पुढचे वीस फोटो सारखे येतात. उलट टीटीएल तेलकट काळा दगड पाहून दर वेळी वेगळा अंदाज बांधते. मग दुसरा प्रश्न, हाय-स्पीड सिंक? ते नसेल तर फ्लॅश साधारण 1/200 सेकंदापर्यंतच शटरशी जुळतो, म्हणून भर उन्हाला हरवणे कठीण जाते. पण हाय-स्पीडमध्ये फ्लॅशचा जोर बराच कमी होतो. त्यापेक्षा आपल्या पावसाळ्यातली मोठी काळी छत्री दगडावर धरायला कुणाला तरी उभे करावे, नाहीतर सूर्य कलल्यावर जावे. छत्री घरात असतेच!

मग पैसे कशासाठी मोजायचे? भरवशासाठी. बटण दाबले की दहापैकी दहा वेळा फ्लॅश उडाला पाहिजे. घेताना एवढे पाहावे. ट्रिगर तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीचाच आहे ना, कारण कॅननचा, निकॉनचा आणि सोनीचा पाय वेगळा असतो. रिसीव्हर फ्लॅशमध्येच असेल तर उत्तम (उदाहरणार्थ गोडॉक्स टीटी600). एक डबी कमी, तिचे सेल कमी. सेल कुठल्याही गावच्या दुकानात मिळतील असे पेन्सिल सेल असावेत. घरात जुना फ्लॅश असेल तर सांभाळून. व्हिविटार 283 च्या काही जुन्या आवृत्त्यांच्या पायावर 200 व्होल्टहून अधिक दाब असे. तो थेट डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नये. आणि 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात, माणसाच्या शरीरातही. म्हणून भोवती बघ्यांची गर्दी जमली तर कॅमेरा आणि फ्लॅश यांच्यामध्ये कुणी उभे राहू नये एवढे सांगावे.

सर्वांत आधी मात्र परवानगी. दगड पूजेतला असेल तर विचारल्याशिवाय हात लावू नये, गर्भगृहात फ्लॅश नकोच. आकृती उठून दिसावी म्हणून कोरीव कामात खडू किंवा पीठ भरणारे हौशी लोक मी पाहिले आहेत. तसे करू नये. तिरका उजेड तेच काम दगडाला स्पर्श न करता करतो.

गेल्या वर्षी सत्तरीतल्या एका गावात दगडाला रोज तेल घालणारे एक आजोबा माझा खटाटोप बघत बसले होते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला तर ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "हो घोडो केन्ना आयलो रे?" घोडा तिथेच होता. उजेड फक्त समोरून येत होता.

आजोबांनी मग घरातल्या मुलांना हाक मारली आणि बोट ठेवून एकेक चौकट दाखवली. खालच्या चौकटीत घोडा, भाला, पडलेला माणूस. देवळाचे काम निघेल तेव्हा हा दगड कुठे ठेवायचा, याची चर्चाही तिथेच सुरू झाली. माझ्या ट्रिगरची किंमत मी त्या दिवशी वसूल झाली असे समजतो. तुमच्या गावातही असा एखादा दगड असणारच. रविवारी सकाळी उठून जा, साधा रेडिओ ट्रिगर पुरे. आणि जमले तर छत्री धरायला घरातले एखादे पोरही सोबत न्या.