पाटा, स्प्रिंग आणि हवेचा फुगा

खत, बियाणे, कीड, पाणी हे आम्हा शेतीखात्याच्या माणसांचे नेहमीचे विषय. आज मात्र मी गाडीविषयी चार शब्द लिहिणार आहे. "याला गाडीतले काय कळते?" असे तुम्ही म्हणाल. पण नोकरीची 28 वर्षे मी जीपच्या बाकावर बसून वाड्यावस्त्या हिंडलो. यंत्रातले कळो न कळो, धक्क्यातले मात्र मला चांगले कळते. शिवाय या धक्क्यांनी मला एकदा असा धडा दिला, की तो तुमच्यापासून लपवून ठेवणे बरे नाही.

आमचे गाव पाटण तालुक्यात, डोंगराच्या अंगाला. पावसाळ्याचे चार महिने रस्ता म्हणजे दगड, चिखल आणि ओढे. पन्नाशी उलटली तशी माझी कंबर कुरकुरू लागली. तेवढ्यात शहरातल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी त्यांची परदेशी बनावटीची मोठी गाडी विकायला काढली. चारही चाके ओढणारी, आणि चाकांवर पोलादी पाट्यांऐवजी हवेने भरलेले रबरी फुगे! बटण दाबले की गाडी वीतभर उंच होई, पुन्हा दाबले की खाली येई. दगडांवरून नेली तरी पाण्याचा तांब्या हिंदकळत नसे. मी भुललो आणि घेतली. आमच्या सौ. म्हणाल्या, "गाडी छान आहे, पण हिचा वैद्य कुठे राहतो ते विचारलंत का?" मी हसून वेळ मारून नेली.

शेजारच्या तात्यांकडे जुनी डिझेल जीप आहे. पुढे पाटे, मागे पाटे. त्यातला मागच्या बाजूचा एक पाटा तुटलेला, आणि तो तात्यांनी ट्यूबच्या पट्ट्या आणि तार आवळून बांधलेला. माझी गाडी अंगणात आली तेव्हा तात्या तिच्याभोवती फिरले, वाकून खाली पाहिले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, गाडी झ्याक हाय. पण ह्यात हातानं आवळायजोगं काय दिसंना." तेही मी हसण्यावारी नेले.

2022 च्या श्रावणातली गोष्ट. त्या आठवड्यात रोज सकाळी माझी गाडी मागच्या डाव्या कोपऱ्यावर जरा बसलेली दिसे. चालू केली की घुर्र असा आवाज करून वर येई. मला वाटले, थंडीपावसाने होत असेल. आठ दिवस मी तसेच जाऊ दिले. शेतकऱ्याच्या कपाशीचे एक पान कोमेजले तर मी मुळापर्यंत उकरून पाहायला सांगतो. स्वतःच्या दारातले दुखणे मात्र मला दिसले नाही.

एका रात्री दहाच्या सुमारास आई गोठ्यात पाय घसरून पडली. वय 81. उठता येईना, पाय हलवता येईना. खुब्याचे हाड मोडले हे आम्हाला कळून चुकले. रुग्णवाहिकेला फोन लावला, तर ती दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली. यायला दोन-अडीच तास लागणार होते. कराड 40 किलोमीटरांवर. मी म्हटले, आपली मऊ गाडी कशासाठी घेतली? अंगणात गेलो, किल्ली फिरवली. इंजिन सुरू झाले, पण मागचा कोपरा वर येईना. घुर्र आवाजही नाही. टायर वरच्या पत्र्याला टेकला होता. तशी नेली असती तर पहिल्याच खड्ड्यात टायर फाटला असता. समोरच्या काचेखाली लाल अक्षरे लुकलुकत होती, आणि बी.एस्सी. ॲग्री झालेला मी ती वाचत नुसता उभा होतो.

तात्या आवाज ऐकून आले. काही न बोलता जीप काढून आणली. मी म्हणालो, "तात्या, या जीपमध्ये आईला धक्के सोसायचे नाहीत." तात्या म्हणाले, "रिकामी जीप उडती. भरली म्हंजी झुलती. घरात भात किती पोती हाय?" आम्ही भाताची 4 पोती उचलून जीपच्या मागच्या बाजूला आडवी टाकली. तात्यांनी चारही टायरांतली थोडी थोडी हवा सोडली. पोत्यांवर गादी, गादीवर आई, वर ताडपत्री. आणि आम्ही बैलगाडीच्या चालीने निघालो. मोठा रस्ता लागल्यावर तात्यांनी पायपंपाने पुन्हा हवा भरली आणि मग जीप पळवली.

धक्के बसले नाहीत असे मी म्हणणार नाही. प्रत्येक ओढ्यात आईने माझा हात आवळला, त्याच्या खुणा दुसऱ्या दिवशी होत्या. पण वाटेत ती एकदाच बोलली, "पोती भिजत्यात का बघ रं." पहाटेच्या आत दवाखान्यात पोहोचलो. शस्त्रक्रिया झाली. आज आई काठी टेकत गोठ्यापर्यंत जाते, आणि कोणी अडवले तर रागावते.

माझी गाडी दुसऱ्या वाहनावर लादून शहरात न्यावी लागली. दुखणे काय होते? रबरी फुग्याच्या घडीवर केसासारखी चीर. रात्रभर हवा जाई, सकाळी पंप ती पुन्हा भरी. आठ दिवस जादा राबून अखेर पंपच जळाला. सुटे भाग यायला 19 दिवस लागले आणि बिल एका चांगल्या दुभत्या म्हशीएवढे झाले. दोष गाडीचा म्हणण्यापेक्षा माझा अधिक. तिची भाषा मला येत नव्हती, आणि ती येणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता.

त्यानंतर मी हा विषय जरा नेटाने समजून घेतला. चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये राहून जे धक्के झेलते, त्याला सस्पेन्शन म्हणतात. आपल्या जुन्या बैलगाडीला ते नसेच. आख थेट साट्याखाली. टांग्याला मात्र पाटे असत. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना बहुधा आजही काही नसते. टायरातली हवा आणि सीटखालची स्प्रिंग एवढाच आधार.

पोलादी पट्ट्या एकावर एक ठेवून मध्ये बोल्टाने आवळल्या की झाला पाटा. हा गडी एकटा तीन कामे करतो. भार उचलतो, आख जागच्या जागी धरून ठेवतो, आणि पट्ट्या एकमेकींवर घासत असल्यामुळे उसळीही थोडी जिरवतो. 1941 साली महायुद्धासाठी अमेरिकेत विलीज जीप बनू लागली, तिला चारही चाकांवर असेच पाटे होते. 1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रने मुंबईत त्या जीपची जुळणी सुरू केली आणि ती आपल्या खेड्यांत आली.

पाट्याचा दोष असा, की तो भरल्या गाडीच्या मापाने ताठ केलेला असतो. रिकाम्या गाडीत तो वाकतच नाही, म्हणून माणसे उडतात. तात्यांनी भाताची पोती का टाकली, ते आता तुमच्या लक्षात आले असेल. भार आल्यावर पाटा वाकू लागला आणि धक्का आईपर्यंत पोहोचण्याआधी मध्येच जिरू लागला. जे मी पुस्तकात वाचले, ते तात्या आधीपासून करत होते.

गोल गुंडाळीची स्प्रिंग पाट्यापेक्षा मऊ चालते. पण ती फक्त भार उचलते. आख धरून ठेवायला वेगळे दांडे लागतात आणि उसळी जिरवायचे सगळे काम शॉकॲब्सॉर्बरवर पडते. म्हणजे आराम वाढला, तसे झिजणारे रबरी बुशही वाढले. तरीही हे काम तालुक्याच्या गॅरेजात होऊ शकते.

तिसरा प्रकार हवेच्या फुग्यांचा. त्यात फुगे, पंप, झडपा, बारीक नळ्या, उंची मोजणारे यंत्र आणि या सगळ्यांवर हुकूम चालवणारा संगणक. इंग्लंडमधली रेंज रोव्हर 1970 साली आली ती गोल स्प्रिंगांवर. 1990 च्या दशकात तिला हवेचे फुगे मिळाले. आराम अप्रतिम. पण अशा गाड्या जुन्या झाल्या की तिकडचेही कित्येक मालक फुगे काढून साध्या स्प्रिंगा बसवून घेतात. त्यासाठी तयार संच विकत मिळतात.

याच्या उलट टोयोटाची लँड क्रूझर 70 पाहा. ती 1984 पासून बनते आहे. 1999 साली तिच्या पुढच्या बाजूला गोल स्प्रिंग आली, पण मागे अजून पाटेच आहेत. ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या मोठमोठ्या शेतांवर आणि आफ्रिकेतल्या आडरानात ती राबते. जिथे बिघडलेली गाडी सोडून चालत घरी येता येत नाही, तिथले लोक साधेपणाला किंमत देतात.

पण म्हणून जुने तेच सोने, असे मी म्हणणार नाही. आपल्या महिंद्र थारचे पाहा. 2010 साली आलेल्या थारला मागे पाटे होते. 2020 साली नवी थार आली, तिला मागेही गोल स्प्रिंगा आल्या. मात्र मागचा आख एकसंध ठेवला. यात एक शहाणपण आहे. एकसंध आखाचे एक चाक दगडावर चढले की दुसरे खाली दाबले जाऊन जमीन धरते, आणि आखाच्या मधला डिफरन्शियलचा डबाही त्या दगडाबरोबर वर उचलला जातो. दोन्ही चाके सुटी असली तर सडकेवर आराम जास्त मिळतो, पण गाडी दबली की पोट दगडाला लागण्याची भीती असते. थोडक्यात, मधली वाटही आहे, आणि पुष्कळांना तीच सोयीची पडेल.

आता तुमच्या उपयोगाच्या चार गोष्टी सांगतो.

माल नेणाऱ्या बहुतेक पिकअपना मागे पाटे असतात. भार पेलवत नाही म्हणून पुष्कळजण त्यात जादा पाटा घालून घेतात. तसे करू नका. पाटा भार पेलेल, पण सांगाडा, आख आणि ब्रेक जुन्याच ताकदीचे राहतात. शिवाय गाडी रिकामी असताना जास्तच आदळते. पाट्याला आखाशी धरणारे यू-बोल्ट अधूनमधून आवळून घ्या. नवा पाटा घातल्यावर काहीशे किलोमीटरांनी एकदा पुन्हा आवळा. मधला बोल्ट तुटला तर आख तिरका सरकतो आणि गाडी एका अंगाने चालते, हे ध्यानात ठेवा.

टोमॅटो, द्राक्षे, अंडी असा नाजूक माल थोडाच असेल तर क्रेट अगदी मागे ठेवू नका. मागच्या चाकांच्या पुढे, गाडीच्या मध्याकडे ठेवा. तिथे हादरे सगळ्यांत कमी बसतात. क्रेट घट्ट बांधा आणि गाडी हळू चालवा.

शॉकॲब्सॉर्बर गेला की नाही, हे पाहायला पैसे लागत नाहीत. गाडीचा कोपरा दोन्ही हातांनी जोराने दाबून सोडा. एक-दोन हेलकाव्यांत थांबला तर ठीक. पाळण्यासारखा झुलत राहिला, किंवा त्यावर तेल ओघळलेले दिसले, तर बदला.

आणि हवेच्या फुग्यांची जुनी गाडी कोणी स्वस्तात देत असेल, तर ती सपाट जागेवर रात्रभर उभी करा. संध्याकाळी चारही चाकांवर, टायर आणि पत्रा यांच्यामधले अंतर विती-बोटांनी मोजून ठेवा. सकाळी गाडी चालू करण्याआधी पुन्हा मोजा. एका कोपऱ्यात दोन बोटांचा फरक पडला, तर मालकाला रामराम करा आणि परत या. ही साधी मोजणी मी केली असती तर?

गाडी मी विकली. काय बिघडले होते आणि काय बदलले, ते सगळे घेणाऱ्याला सांगूनच विकली. आता माझ्याकडे मागे पाटे असलेली साधी गाडी आहे. कंबर अजून कुरकुरते. मी सीटवर एक घडी केलेली गोधडी टाकली आहे आणि वेग कमी केला आहे.

औजार असो, बियाणे असो वा गाडी, घेण्याआधी मी आता एकच प्रश्न विचारतो: हे मोडले तर दिवसभराच्या अंतरात कोणी दुरुस्त करील का? उत्तर 'हो' असेल, तर नवे जरूर घ्या, अंगाला सुख द्या. सुख काही पाप नाही. उत्तर 'नाही' असेल, तर ती वस्तू तुमच्या दारात नुसती पाहुणी आहे, हे समजून घ्या.

तात्यांनी त्या दिवाळीत जीपचा तुटका पाटा अखेर बदलला. जुन्याचे लोहाराकडून दोन कोयते करून घेतले आणि त्यातला एक आमच्या घरी पाठवून दिला. आई त्याला हात लावू देत नाही. म्हणते, "धार चांगली हाय. जपून ठेवा."