मिनामाताची मांजरे



जपानच्या क्यूशू बेटावर, शिरानुई समुद्राच्या काठी मिनामाता हे गाव आहे. समुद्राची, जनावरांची आणि माणसांची प्रकृती एकमेकांत किती गुंतलेली असते, हे या गावाइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसले असेल. तिथल्या चिस्सो कंपनीच्या कारखान्यात १९३२ पासून अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होई. त्यासाठी लागणाऱ्या पाऱ्याचा काही भाग मिथिल पाऱ्यात बदले आणि सांडपाण्याबरोबर खाडीत जाई.

समुद्र मोठा असला तरी हे विष त्यात विरून संपत नाही. ते प्लवकांत शिरते, लहान माशांत वाढते, मोठ्या माशांत आणखी साठते. मासा कितीही धुतला, शिजवला तरी ते निघत नाही, कारण ते मांसातल्या प्रथिनांनाच चिकटलेले असते.

खाडीने इशारा आधीच दिला होता. १९५० नंतर मेलेले मासे तरंगताना दिसू लागले, कावळे उडता उडता खाली पडू लागले. कोळ्यांच्या घरची, मासळीवर वाढलेली मांजरे झोकांड्या देत, गरगर फिरत आणि तडफडून मरत. त्याकडे कोणी आजार म्हणून पाहिले नाही. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयातील डॉ. हाजिमे होसोकावा यांनी मेंदूच्या अज्ञात विकाराची खबर आरोग्य कार्यालयाला दिली; पहिल्या रुग्णांत दोन चिमुकल्या बहिणी होत्या. १९५९ मध्ये याच डॉक्टरांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नात कालवून एका मांजराला दिले. ‘क्रमांक ४००’ अशी नोंद असलेल्या त्या मांजरातही तीच लक्षणे उमटली. कंपनीने हा निष्कर्ष दडपला आणि उत्पादन १९६८ पर्यंत चालू ठेवले. मधली नऊ वर्षे अक्षम्य आहेत.

सर्वांत क्रूर घाव गर्भावर बसला. वार विषाला अडवते, असा तेव्हा वैद्यकाचा समज होता. इथे मात्र आई वरवर धडधाकट आणि मूल जन्मतःच मेंदू दुखावलेले, अशी उदाहरणे निघाली. जपानी घरांत बाळाची वाळलेली नाळ डबीत जपून ठेवतात. त्या नाळा तपासल्या, तेव्हा त्यांत मिथिल पारा सापडला.

खाडीतला गाळ उपसून भराव घालण्याचे काम १९७७ ते १९९० चालले. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून खाडीच्या तोंडाशी लावलेली जाळी १९९७ मध्ये निघाली. पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय करार याच गावाच्या नावाने ओळखला जातो. तो २०१७ मध्ये अमलात आला आणि भारतही त्यात सामील आहे.

पारा आजही समुद्रात पोहोचतो, त्यातला बराच दगडी कोळशाच्या धुरातून. म्हणून गरोदरपणी मुशीसारखा मोठा, शिकारी मासा टाळावा. मासळी सोडण्याचे मात्र कारण नाही: तारली, मांदेली यांसारख्या लहान माशांत पारा कमी असतो आणि बाळाच्या मेंदूला लागणारी चरबी भरपूर.