हिशेबाची हत्यारे

जळगावचा माणूस सोने घ्यायला गेला की प्रथम तराजूकडे पाहतो. दुकान कितीही नावाजलेले असो आणि दुकानदार कितीही ओळखीचा असो, काटा स्थिर होईपर्यंत त्याची नजर हलत नाही. मग तो हॉलमार्क पाहतो, मजुरी विचारतो, दुसऱ्या दुकानातला भाव सांगून पाहतो. पण हाच माणूस जमीन घ्यायला निघाला म्हणजे त्याचा तराजू कुठे हरवतो कोण जाणे! दहा ग्रॅम सोन्यासाठी चार दुकाने पालथी घालणारा गृहस्थ आयुष्यभराची पुंजी ‘मोक्याची जागा आहे’ एवढ्या तीन शब्दांवर मोकळी करतो. सोन्याला तराजू असतो, तसा जमिनीच्या व्यवहारालाही असलाच पाहिजे. तो कोणता, याचा शोध मला गेले वर्षभर घ्यावा लागला.

त्याचे कारण घरचेच होते. आमचे गावाकडचे शेत विकले गेले. भावाबहिणींच्या वाटण्या होऊन पंधरा लाख रुपये माझ्या वाट्याला आले. आयुष्यभर मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या खात्यावर एवढा आकडा दिसला की त्याला तो आपलाच आहे हे पटायलाही काही दिवस लागतात. आईचे मत मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. “जमिनीचा पैसा जमिनीतच जावा,” ती म्हणाली. वडील गेल्यापासून ती आमच्याजवळ मेहरूणला राहते. मेहरूण एके काळी वेगळे गाव होते. आता ते जळगाव शहराचाच भाग झाले आहे. तलाव अजून आहे, हिवाळ्यात बोरेही येतात. पण सकाळी फिरायला निघालो की मला बोरींपेक्षा प्लॉट विक्रीच्या पाट्याच जास्त दिसतात. अशाच एका पाटीवरचा दोन गुंठ्यांचा प्लॉट आईच्या मनात भरला. भाव चौरस फुटाला दीड हजार, म्हणजे एकूण बत्तीस लाख सदुसष्ट हजार.

आणि मग जो तो आपापले हत्यार घेऊन माझ्या मदतीला धावला.

पहिले हत्यार शेजारच्या नानांचे. नाना जुन्या पिढीचे. पावकी, दिडकी, औटकी अजून तोंडपाठ. त्यांना कागद लागत नाही. ते म्हणाले, “सर, हिशेब कसला करता? मी दोन हजार पाच साली दोन लाखांना घेतलेला प्लॉट दोन हजार तेवीस साली आठ लाखांना दिला. चौपट!” ‘चौपट’ हा शब्दच असा आहे की तो ऐकताच माणसाची गणित करण्याची इच्छा नाहीशी होते. पण आमच्या कॉलेजातील गणिताच्या प्राध्यापकांनी मला बहात्तरची एक युक्ती शिकवली आहे. बहात्तरला व्याजाच्या दराने भागले की रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल ते ढोबळमानाने कळते. उलट बाजूने पाहिले, तर नानांची रक्कम अठरा वर्षांत दोनदा दुप्पट झाली, म्हणजे नऊ वर्षांत एकदा. बहात्तर भागिले नऊ, आठ. वर्षाला आठ टक्के! त्या काळातली पहिली बरीच वर्षे पोस्टातल्या पीपीएफवर आठ टक्के किंवा त्याहून थोडे अधिक व्याज मिळत होते, आणि तिथे कुंपण घालावे लागत नव्हते की गवत काढावे लागत नव्हते. नानांचा व्यवहार वाईट होता असे मुळीच नाही. पण तोंडी हिशेबाच्या हत्याराला एक खोड असते: ते रुपये मोजते, वर्षे मोजत नाही.

दुसरे हत्यार भाच्याच्या खिशातून निघाले. “मामा, वह्या कसल्या भरता? ॲप आहे ना!” असे म्हणून त्याने मोबाईल पुढे केला. पंधरा लाख हाती होते; मुद्रांक शुल्क, नोंदणीचे तीस हजार असे सव्वादोन लाख किमतीत मिळवले, तर साधारण वीस लाखांचे कर्ज काढावे लागणार होते. साडेआठ टक्के दर, वीस वर्षे मुदत. बोट लावायचा अवकाश, उत्तर हजर: महिना सतरा हजार तीनशे सत्तावन्न रुपये. हे यंत्र अचूक असते यात शंका नाही. वीस वर्षांत मिळून साधारण एकेचाळीस लाख पासष्ट हजार फेडावे लागतील, म्हणजे मुद्दलाहून व्याजच जास्त, हेही ते सांगते. फक्त हप्त्याचा आकडा ठसठशीत असतो आणि व्याजाचा बारीक. पण विक्रेत्याच्या मंडळींनी पाठवलेले दुसरे एक ॲप भाच्याकडे होते, त्याची गंमत काही और. त्यात ‘अपेक्षित वाढ’ असा एक रकाना होता आणि तो आधीपासूनच भरलेला होता! दरसाल पंधरा टक्के. ज्याला विकायचे आहे त्याच्याच तराजूवर माल तोलून घेण्याची ही रीत सोन्याच्या दुकानात कोणी चालवून घेतली असती का?

तिसरे हत्यार गणिताच्या प्राध्यापकांचे. त्यांनी संगणकावर एक्सेलचा तक्ता मांडून दिला. या तक्त्यांचा इतिहास मला मास्तर म्हणून फार आवडतो. अमेरिकेतील डॅन ब्रिकलिन हा विद्यार्थी हार्वर्डच्या वर्गात बसला असताना फळ्यावरचा एक आकडा बदलला की गुरुजींना पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागतात, हे पाहत होता. त्यातून त्याने बॉब फ्रँकस्टनच्या साह्याने १९७९ साली व्हिजिकॅल्क तयार केले. एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलणार! एक्सेल आले ते पुढे, १९८५ साली. तेव्हा या हत्याराचा खरा उपयोग बेरजेचा नाही. ‘असे झाले तर?’ हे विचारण्याचा आहे. वाढ पंधराऐवजी सहा टक्के झाली तर? विक्रीला दोन वर्षे जास्त लागली तर? नफ्यावरच्या कराचे काय? (२३ जुलै २०२४ पासून जमिनीच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर, महागाईचा निर्देशांक न धरता, साडेबारा टक्के कर ठरला आहे.) एकेक आकडा बदलत गेलो, तसा शेवटच्या चौकोनातला नफा उन्हात ठेवलेल्या लोण्यासारखा वितळू लागला.

या तक्त्यानेच आणखी एक गोष्ट उघड केली. प्राध्यापकांनी पहिल्याच ओळीत विचारले, “गुंठा की आर?” आपल्याकडे बोलताना दोन्ही एकच समजतात. पण गुंठा म्हणजे मोजणीच्या जुन्या शंकू साखळीचा तेहतीस फुटी चौरस, १०८९ चौरस फूट. आणि सातबाऱ्यावरचा आर म्हणजे शंभर चौरस मीटर, १०७६ चौरस फुटांहून किंचित जास्त. एका गुंठ्यामागे साडेबारा फुटांचा फरक. दोन गुंठ्यांना पंचवीस फूट, आणि दीड हजाराच्या भावाने सदतीस हजारांहून अधिक रुपये! कागदावर दोन आर असताना पैसे दोन गुंठ्यांचे मोजले, तर तेवढी रक्कम नुसत्या एका शब्दापायी जाते. भाषेच्या मास्तरालाही या शब्दार्थाचे मोल त्या दिवशी नव्याने कळले.

चौथे हत्यार आमच्या सौभाग्यवतींचे, आणि ते मोजणीचे नव्हते, मांडणीचे होते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद कापडाच्या रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. राज्य गेले, पण रुमाल राहिले, म्हणून आज आपल्याला त्या काळचे हिशेब वाचता येतात. सौ.ने लग्नातल्या शालूच्या पिशवीचा असाच एक रुमाल केला. पाहिलेल्या प्रत्येक प्लॉटला एक पाकीट, आणि पाकिटावर कागदांची यादी: डिजिटल सहीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार, बिनशेतीचा आदेश, मंजूर रेखांकन, त्या भागाचा रेडी रेकनरचा दर आणि महारेराचा क्रमांक. पाचशे चौरस मीटरांहून मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकणाऱ्याला ही नोंदणी लागते आणि ऑगस्ट २०२३ पासून त्याच्या जाहिरातीवर क्यूआर कोडही असावा लागतो. कागद मिळाला की यादीवर खूण. दोन महिन्यांत नऊ पाकिटे झाली, आणि त्यांतली पाच केवळ खुणा नसल्यामुळे बाजूला पडली. कोणाशी वाद नाही, कोणावर संशय नाही. पाकीट रिकामे होते एवढेच. आईच्या मनातल्या प्लॉटचे पाकीट मात्र भरलेले होते.

म्हणजे सगळे जमून आले होते. कागद चोख, क्षेत्र चोख, आणि सहा टक्के वाढ धरली तरी फार मोठा तोटा नाही. तेव्हा सौ.ने शांतपणे विचारले, “अहो, हा तक्ता वर्षावर्षाचा आहे. मला महिन्याचा दाखवा. येत्या जुलैचा.”

आमची मुलगी यंदा बारावीला आहे. तिला पुण्याला इंजिनिअरिंगला जायचे आहे. वार्षिक तक्त्यात पगार, हप्ता आणि तिची फी एकमेकांशेजारी गुण्यागोविंदाने नांदत होती. पण महिन्यांची फोड केली तेव्हा जुलैत फी, वसतिगृहाची अनामत आणि सतरा हजारांचा हप्ता एकदमच येऊन उभे राहिले, आणि त्या चौकोनातला आकडा लाल झाला. जानेवारीतही लाल. पुढच्या जुलैत पुन्हा लाल. अशा महिन्यात घरातली सोन्याची एक बांगडी मोडता येते; प्लॉटचा एक कोपरा मोडता येत नाही. तो विकायचा तर सगळा, आणि गरजेपोटी विकायचा तर समोरचा देईल त्या भावाने. दहा वर्षांनी येणारा नफा कितीही खरा असला, तरी त्याच्यापर्यंत पोचायला वाटेतले आठ लाल महिने ओलांडावे लागणार होते.

त्या लाल चौकोनाने मला माझा तराजू सापडला. हिशेबाचे हत्यार कोणते निवडावे, असे मला आता कोणी विचारले, तर ते स्वस्त की महाग, वहीचे की मोबाईलचे, हे मी पाहणार नाही. मी एवढेच पाहीन की ते आपल्याला न आवडणारा प्रश्न विचारते का. नानांची दिडकी तो विचारत नाही, कारण तिला आठवते ती फक्त जिंकलेली बाजी. विक्रेत्याचे ॲप तो विचारणार नाही, कारण ते त्यासाठी केलेलेच नाही. एक्सेलचा तक्ता विचारू शकतो, पण ओळ आपण लिहिली तर. आणि ती ओळ कोणती, हे बहुधा घरातल्या त्याच माणसाला ठाऊक असते ज्याला महिनाअखेर किराण्याचे बिल चुकते करावे लागते.

आईला सांगणे अवघड होते. तिला संगणकातले कळत नाही, म्हणून मी त्या आठ महिन्यांचे आकडे एका कागदावर लिहून वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तुझ्या बापाने ते शेत तुमच्या शिक्षणापायी दोनदा गहाण टाकलं होतं. तुला माहीत नाही. पोरीला आधी शिकू दे.”

वडिलांनी हे कुठल्याही वहीत लिहून ठेवले नव्हते. पण जमिनीचा पैसा कशात जावा, याचा हिशेब त्यांनी माझ्या लहानपणीच करून ठेवला होता. मुलीच्या चार वर्षांची रक्कम आम्ही आता वेगळी काढून बँकेत ठेवली आहे. उरलेल्या पैशांत कर्जाशिवाय बसेल असा लहानसा तुकडा मिळतो का, ते पाहणे चालू आहे. आईनेच परवा एका नव्या प्लॉटची बातमी आणली. सौ.ने लगेच कोरे पाकीट काढले आणि त्यावर यादी लिहिली. त्या यादीत सातबाऱ्याच्याही वर आता एक नवी ओळ आली आहे: ‘जुलैचे काय?’