वळवट

दिल्लीच्या लाल किल्ल्यात १० डिसेंबर २०२५ रोजी युनेस्कोच्या समितीने आपल्या दिवाळीची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्याच बैठकीत इटलीच्या पाकपरंपरेचीही नोंद झाली. आमच्याकडील वर्तमानपत्रांनी दिवाळीला मथळा दिला आणि इटलीला एक ओळ. ते योग्यच झाले. आम्ही मात्र त्या एका ओळीपाशी थबकलो. दक्षिण इटलीतील बारी या बंदराच्या गावी, २०१८ च्या नोव्हेंबरात, एका दारात घालवलेली दुपार आठवली. आणि तिच्यामागोमाग, आठवू नये असे ज्या गोष्टीविषयी वाटत आले आहे, ती घरची एक गोष्टही.

आमची भाची तेव्हा तेथील विद्यापीठात संशोधन करीत होती. जुन्या बारीत, किल्ल्याच्या समोरच, एक अरुंद गल्ली आहे. तिच्यात बायका घराच्या दाराशी पाट मांडून बसतात. गव्हाचा रवा आणि कोमट पाणी, एवढेच त्यांचे साहित्य. घट्ट मळलेल्या कणकेची बोटभर जाडीची वळी करायची, तिचा हरभऱ्याएवढा तुकडा सुरीने पाटावर स्वतःकडे ओढायचा, आणि अंगठ्यावर उलटा करायचा. झाला इवलासा कान! नावही तेच, ओरेक्किएत्ते, म्हणजे चिमुकले कान. हे कान जाळी ठोकलेल्या लाकडी चौकटींवर वाळत असतात. त्या बायकांचे हात चालू असतात आणि तोंडेही. पाटाकडे पाहण्याची त्यांना गरज नसते.

आमच्या सौभाग्यवती त्या पाटाकडे टक लावून पाहत होत्या. एकाएकी म्हणाल्या, “अहो, हे तर नखुले!”

नव्या पिढीसाठी सांगायला हवे. आपल्या घरांतून लग्नकार्याच्या आधी वळवट होत असे. रव्याच्या पिठाचे गव्हाच्या दाण्याएवढे गव्हले, नखाने वळवलेले नखुले, मालत्या, बोटवे. वैशाखातल्या लग्नासाठी चैत्रातल्या दुपारी सुपे आणि परडी घेऊन साऱ्या बायका बसत. कार्यात त्याची खीर होई, आणि उरलेले रुखवतावर दिसे. त्यांचे कान आणि आमचे नखुले यांचे काही नाते आहे, असा शोध आम्ही लावीत नाही. कडक गहू, पाणी आणि बोटे एकत्र आली की दोन्हीकडे तेच सुचले असेल.

पाटाशी बसलेल्या आजीबाईंना आम्ही, भाचीच्या तोंडून, पाणी किती घालता म्हणून विचारले. उत्तर आले, “लागेल तेवढे.” भाची हसून म्हणाली, “मामा, इथल्या छापील पुस्तकांतही मिठापुढे दोनच अक्षरे असतात, आणि त्यांचा अर्थ पुरेसे.” आम्ही हसलो नाही. आईच्या वहीत गव्हल्यांपुढे ‘रवा बेताचा, दूध बेताचे’ एवढेच लिहिलेले आहे.

या स्वयंपाकाची आज जगभर वाहवा होते. पण तो वाढला तो उपासमारीत. पास्त्यात अंडे घालणे ही उत्तरेची चैन. दक्षिणेला रवा आणि पाणी. किसलेले चीज परवडेना म्हणून शिळ्या पावाचा चुरा तेलात परतून वर भुरभुरायचा. कापणीनंतर शेतातले खुंट जाळल्यावर राखेत उरलेले करपट दाणे वेचून गरीब माणसे ते दळीत, असे तेथे सांगतात. त्या जळक्या गव्हाचे पीठ आता मुद्दाम गहू भाजून करतात आणि चढ्या भावाने विकतात. बारीहून तासा-दीड तासाच्या वाटेवर मातेरा हे गाव आहे. तेथे प्रत्येक घर आपली कणीक सार्वजनिक भट्टीवर पाठवी, आणि पाव ओळखू यावा म्हणून त्यावर कुटुंबाचा लाकडी शिक्का उठवी. तेथील दगडात कोरलेल्या घरांतून माणसे जनावरांसह राहत. देशाला त्याची लाज वाटली, आणि १९५२ च्या कायद्याने सुमारे १५ हजार माणसांना तेथून हलवण्यात आले. तीच घरे १९९३ मध्ये जागतिक वारसा ठरली. शिक्के आता दुकानात मिळतात. आम्हीही एक घेतला. त्यावर कोणाचेच नाव नाही.

जी माणसे या भुकेपासून पळाली, त्यांचे आणखी निराळे झाले. १८७६ ते १९१५ या चाळीस वर्षांत सुमारे १ कोटी ४० लाख इटालियन परदेशी गेले. त्यांत दक्षिणेकडील फार. अमेरिकेत मांस स्वस्त. तेव्हा गावी सणासुदीला मिळणारे रविवारी, आणि मग आठवड्यातही मिळू लागले. मांसाचे मोठे गोळे पास्त्याच्या ढिगावर चढले. नेपल्समध्ये आजही आधी पास्ता वाढतात आणि मांस मागाहून, वेगळे. परदेशी वाढलेला नातू ‘आजीच्या हातचे’ म्हणून जे अभिमानाने सांगतो, ते आजीच्या आईने कधी पाहिलेलेच नसते. आपण हसू नये. आमच्या इंदुरी पोह्यांवर शेव पडली आणि शेजारी जिलबी आली. आता त्याशिवाय पोहे आम्हांलाच ओळखू येत नाहीत.

नेपल्सच्या या रविवारच्या रश्शाला रागू म्हणतात. तो तासन्‌तास मंद आचेवर ठेवायचा. एखादाच बुडबुडा यावा, अशा त्याच्या शिजण्याला तिकडे स्वतंत्र शब्द आहे. नाटककार एदुआर्दो दे फिलिप्पो यांचे ‘शनिवार, रविवार आणि सोमवार’ हे १९५९ चे नाटक या रश्शाभोवतीच फिरते. त्यातली गृहिणी रोझा आतून धुमसते आहे, कारण नवऱ्याने सुनेच्या हातच्या एका पदार्थाची मनापासून स्तुती केली. महिनेच्या महिने ती बोलत नाही. एवढ्याशा कारणावरून तीन अंक, असे आम्हांला पूर्वी वाटले असते.

१९८३ साली आमच्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरले. आई, काकू आणि आत्या महिनाभर वळवटाला बसल्या होत्या. आम्ही नुकते नोकरीला लागलेले, पंगतीचा बेत आमच्याकडे. गव्हल्यांची खीर काढून टाकून आम्ही आचाऱ्याला श्रीखंड सांगितले. आईला म्हणालो, “कोण खातं हल्ली ते? रुखवतावर ठेव, शोभेल.” आईने मान डोलावली. गव्हले रुखवतावर ठेवले गेले, शोभले, आणि नंतर डब्यात भरून माळ्यावर गेले. पावसाळ्यात त्यांना कीड लागली. आई त्याविषयी कधी बोलली नाही. पुढे घरात आणखी तीन लग्ने झाली. ती वळवटाला बसली नाही, आणि आम्हांला ते ध्यानातही आले नाही. बारीच्या त्या दारात, आजीबाईंनी सौभाग्यवतींचा अंगठा धरून कणीक वळवून दाखवली, तेव्हा प्रथम आले. आई त्याच्या आधी नऊ वर्षे गेली होती.

दिल्लीची बातमी वाचल्यावर सौभाग्यवतींनी ग्वाल्हेरला आत्याला दूरध्वनी केला. आत्या आता अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. “अगं सूनबाई, हे तोंडाने सांगायचं नसतं. रवा घेऊन या,” ती म्हणाली. या जानेवारीत आम्ही गेलो. तिच्या गच्चीत उन्हात चटई टाकली. तिची बोटे थरथरतात, पण नखाशी आली की स्थिर होतात. तिचे नखुले एकासारखे एक. सौभाग्यवतींचा अंगठा मात्र बारीचे वळण विसरेना. त्यांच्या सुपात कानच पडत गेले. आत्याने एक उचलून डोळ्यांजवळ नेला. “हे कुणाचे गं?” म्हणाली, आणि तो आपल्या सुपात टाकला. आम्हीही दहा-बारा वळले. ते कशासारखेच नव्हते. मग आत्या आमच्याकडे न बघता म्हणाली, “तुझ्या बहिणीच्या लग्नात वहिनीचे गव्हले फार सुरेख झाले होते रे.”

दोन दिवसांनी, वाळल्यावर, सगळ्यांची मिळून खीर झाली. रवा अर्धा किलो लागला, एवढे आम्ही वहीत आईच्या अक्षराखाली लिहिले आहे. दुधाचे तेवढे राहिले.